सेंद्रिय कुरणावर लहान चणीच्या मांसल गाई: जात, चराई आणि पैदास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा हेक्टर सेंद्रिय कुरण आहे, त्यावर मांसासाठी लहान जातीच्या पाच-सहा गाई ठेवायच्या आहेत. जात कोणती घ्यावी, वळू पाळावा का, आणि औषधांवर इतकी बंधनं असताना कळप निरोगी कसा ठेवायचा? मांसासाठी गाई पाळायला तुमच्याकडे कायद्याची आडकाठी नाही असं धरून उत्तर देतो.

आधी आकाराबद्दल. निम्म्या वजनाची गाय निम्मं खात नाही. जनावराच्या पोषणाची किमान गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या पाऊण घातानं वाढते. ६०० किलोची एक गाय एका बाजूला आणि ३०० किलोच्या दोन गाई दुसऱ्या बाजूला उभ्या केल्या, तर त्या दोघी मिळून एकीपेक्षा सुमारे १९ टक्के जास्त चारा खातील. तेव्हा ‘लहान गाय कमी खाते’ एवढ्यावर हिशोब मांडू नका. तिचे फायदे वेगळे आहेत. दोन गाई वर्षाला दोन वासरं देतात, आणि त्यातलं एखादं दगावलं तरी दुसरं हाताशी राहतं. ओल्या जमिनीवर हलक्या जनावरानं माती कमी तुडवली जाते. वासरू छोटं असल्यानं विताना गाय अडण्याचे प्रसंग कमी येतात. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही की लवकर वयात येणाऱ्या लहान जाती निव्वळ गवतावर अंगाला चरबी धरतात. सेंद्रिय धान्य सगळीकडेच महाग असतं. ते न घालता जनावर तयार होणार असेल तर या धंद्याला अर्थ आहे.

आता जाती. आयर्लंडच्या नैऋत्य भागातली डेक्स्टर ही सगळ्यात सहज मिळणारी. गाय खांद्याशी साधारण मीटरभर उंच, वजन ३०० ते ३५० किलो. दूध भरपूर, त्यामुळे वासरू झपाट्यानं वाढतं. काळा, लाल आणि मातकट तपकिरी असे तीन रंग, शिंगंवाली आणि बिनशिंगी अशा दोन्ही प्रकारांत. पण या जातीत एक आनुवंशिक दोष आहे आणि तो समजून न घेता डेक्स्टर विकत घेऊच नये. आखूड पायांच्या डेक्स्टरमध्ये ‘एकान’ या जनुकाची सदोष प्रत असते. एक सदोष प्रत असेल तर जनावर नुसतंच ठेंगणं होतं, बाकी धडधाकट असतं. पण असे नर-मादी एकत्र आले तर दर गर्भधारणेला चारात एक शक्यता अशी की वासराच्या वाट्याला दोन्ही प्रती सदोष येतील. त्याला ‘बुलडॉग काफ’ म्हणतात. ते जगत नाही, बहुतेक वेळा गाय दिवस भरायच्या आधीच गाभडते. याच जातीत फुप्फुसं न वाढणं आणि अंगभर पाणी भरणं असा दुसराही एक घातक दोष आढळतो. दोन्हींची डीएनए चाचणी शेपटीच्या मुळासकट उपटलेल्या केसांवर होते. विकणाऱ्याकडे दोन्ही चाचण्यांचे अहवाल नसतील तर तिथून निघा. आणि ठेंगणेपणाला भुलू नका. चाचणीत निर्दोष ठरलेली, थोडी उंच पायांची डेक्स्टर मांसासाठी उलट चांगलीच.

दुसरी लोलाइन. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये ट्रँगी इथल्या संशोधन केंद्रावर १९७४ मध्ये अँगस या मांसल जातीच्या गुरांवर एक प्रयोग सुरू झाला. एका गटात झपाट्यानं वाढणारी जनावरं निवडत गेले, दुसऱ्यात हळू वाढणारी. पंधरा-एक वर्षांत दुसऱ्या गटातली जनावरं पहिल्यापेक्षा सुमारे ३० टक्के लहान झाली, आणि प्रयोग संपल्यावर त्याच गटातून ही जात उभी राहिली. ती ठेंगणेपणाच्या जनुकामुळे लहान झालेली नाही, निवडीतून झाली आहे. त्यामुळे तिथे बुलडॉग वासरांची भीती नाही. बिनशिंगी असते, शांत असते, मांसात चरबीची जाळी चांगली उतरते. तुमच्यासारख्या नवख्या माणसाला मी बहुधा हीच सुचवीन.

हायलँड आणि गॅलोवे या स्कॉटलंडच्या जाती थंडी-पावसात उघड्यावर काटकपणे राहतात आणि रानटी झुडपंही खातात. पण हायलँड तयार व्हायला वेळ घेते, आणि उष्ण, दमट हवेत तिच्या लांब केसांचा तिलाच जाच होतो. छोट्या हेअरफर्डमध्ये डोळ्यांभोवती रंग असलेली जनावरंच घ्या. पांढऱ्या पापण्यांवर कडक उन्हानं कर्करोग होण्याचं प्रमाण जास्त असतं.

खरं सांगायचं तर जातीइतकंच महत्त्व जनावर कुठून आणता याला आहे. धान्यावर वाढलेली, दर महिन्याला जंतनाशक पाजलेली देखणी कालवड तुमच्या कुरणावर पहिल्या वर्षातच खंगेल. तुमच्यासारख्याच गवतावर, तुमच्यासारख्याच हवेत, औषधांशिवाय निदान दोन-तीन वेतं काढलेल्या गाईची मुलगी घ्या. आई बघा, तिची कास बघा, खूर बघा, परक्या माणसाला पाहून ती काय करते ते बघा. क्षयरोग, ब्रुसेलोसिस (गाभडवणारा संसर्ग), बीव्हीडी (गुरांचा विषाणुजन्य अतिसार) आणि जोन्स (आतड्याचा जुनाट रोग) या चाचण्या झाल्याशिवाय कुठलंही जनावर कळपात सोडू नका. जोन्सचा रोग वर्षानुवर्षं लपून राहतो आणि एकदा शेतात शिरला की निघता निघत नाही.

सेंद्रिय दाखल्याचा नियम खरेदीच्या आधी वाचायला हवा. अमेरिकी नियमांनुसार मांसाचं जनावर आईच्या गाभणपणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सेंद्रिय व्यवस्थेत असावं लागतं. म्हणजे बाहेरून आणलेलं साधं वासरू कितीही वर्षं तुमच्या गवतावर राहिलं तरी त्याचं मांस सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. युरोपीय संघात साधं जनावर सेंद्रिय ठरायची, म्हणजे रूपांतराची, मुदत १२ महिने, आणि शिवाय जनावराच्या आयुष्याचा निदान तीन चतुर्थांश काळ सेंद्रिय व्यवस्थेत गेलेला हवा. दोन्हीकडे सोयीचा रस्ता एकच: पैदाशीच्या गाई आणा आणि त्यांना तुमच्या कुरणावर राहून होणारी वासरं मोजा.

आता सहा हेक्टरांचा हिशोब. ३५० किलोची गाय रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे सात ते नऊ किलो कोरडा चारा खाते. वर्षाला सुमारे तीन टन. पण नवीन माणूस फक्त गाई मोजतो आणि तिथे फसतो. गवतावरचं जनावर तयार व्हायला दोन वर्षं धरलीत, तर तिसऱ्या वर्षी पाच गाईंबरोबर पाच तान्ही वासरं, पाच वर्षाची आणि निघायच्या बेतात असलेली दोन-चार मोठी अशी दावण भरलेली असते. गाय आणि तिची दोन वर्षांपर्यंतची पिल्लावळ मिळून साडेपाच-सहा टन कोरडा चारा लागतो. कुरण हेक्टरी सहा टन देत असेल आणि निम्मं जनावरांच्या पोटात जात असेल (उरलेलं तुडवलं जातं, आणि मुळांसाठी मागे ठेवावंही लागतं), तर दर गाईमागे जवळजवळ दोन हेक्टर हवेत. सहा हेक्टरांत तीन गाई! फेरपालटीची चराई बसवून आणि गवत सुधारून हाच आकडा एका गाईमागे सव्वा हेक्टरापर्यंत आणता येतो, पण त्याला काही वर्षं लागतात. म्हणून सुरुवात तीन गाईंनी करा. पुढच्या कालवडी घरच्याच ठेवल्या की कळप आपोआप वाढतो, आणि त्या तुमच्या मातीत मुरलेल्या असतात.

फेरपालट म्हणजे कुरणाचे तुकडे पाडून जनावरं फिरवत राहणं. गवत वीत-सव्वा वीत झालं की आत सोडा, आठ-दहा सेंटिमीटर उरलं की बाहेर काढा. गवत जोमात असताना तुकड्याला २५ ते ३० दिवस विश्रांती पुरते, वाढ मंदावली की दुप्पट किंवा जास्त लागते. तारखा पाहून तुकडा बदलू नका, गवत पाहून बदला. हलकं सौर कुंपण आणि प्रत्येक तुकड्यात पाणी, एवढ्यावर हे जमतं. पाण्याची सोय नीट नसेल तर जनावरं त्या एकाच कोपऱ्यात घोटाळतात आणि शेणही तिथेच पडतं.

पांढरा क्लोव्हर (एक द्विदल चारा) कुरणात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा. तो हवेतला नत्र जमिनीत आणतो आणि रासायनिक खताची उणीव भरून काढतो. मात्र दव पडलेल्या, कोवळ्या क्लोव्हरवर किंवा लसूणघासावर उपाशी जनावरं सोडलीत तर पोट फुगून तास-दोन तासांत मरू शकतात. आधी वाळलेल्या चाऱ्यानं पोट भरा, मग सोडा. सेनफॉइनसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या द्विदल चाऱ्यांनी पोटफुगी होत नाही, म्हणून तो मिसळून पेरायला मी नेहमी सांगतो.

औषधांच्या प्रश्नाचं खरं उत्तरही याच चराईत आहे. जंतांची अंडी शेणातून पडतात, उबदार ओलाव्यात आठवडा-दोन आठवड्यांत त्यांच्या अळ्या संसर्ग करण्याजोग्या होतात आणि गवताच्या बुडख्याजवळ, खालच्या पाच सेंटिमीटरांत, सर्वाधिक राहतात. गवत बुडख्यापर्यंत खरवडू दिलं की जनावर त्या अळ्या गिळतं. आठ-दहा सेंटिमीटरांवर थांबण्याचं दुसरं कारण हेच. मोठ्या गाईंना वयानुसार जंतांविरुद्ध प्रतिकारशक्ती येते, धोका असतो तो दूध सुटलेल्या वासरांना आणि दीड वर्षापर्यंतच्या जनावरांना. म्हणून नव्या, विसावलेल्या तुकड्यात पहिला मान वासरांचा, गाई त्यांच्या मागून. मेंढ्या असतील तर त्यांनाही त्याच कुरणावर आळीपाळीनं चारा. गाईंचे बहुतेक जंत मेंढीच्या पोटात टिकत नाहीत. शेणातली अंडी मोजण्याची साधी तपासणी ठरावीक काळानं करून घ्या, म्हणजे कुठलं जनावर सगळ्या कुरणात जंत पसरवतंय ते कळतं. कळपातली थोडीशीच जनावरं बहुतेक अंडी टाकत असतात. ती आणि त्यांची संतती ठेवू नका.

काढून टाकण्याबद्दल इथेच स्पष्ट बोलतो, कारण सेंद्रिय कळपाचं सगळं आरोग्य त्यावर उभं आहे. औषधाच्या जोरावर कमकुवत जनावर तगवायची सोय तुम्हाला नाही, तेव्हा कमकुवतपणा पुढच्या पिढीत जाऊ द्यायचा नाही. गाभण न राहिलेली गाय, वासराला दूध न पुरवणारी, वारंवार खूर वाढणारी, गोचिडांनी माखणारी आणि माणसाच्या अंगावर येणारी गाय कळपात राहू नये. पाच गाईंचा कळप असला की प्रत्येकीला नाव असतं, लळा लागतो, आणि पाय निघत नाही. तरीही करा. एका गाईला एक वर्ष जास्त दिलं, तर तिच्या दोन कालवडी पुढची दहा वर्षं तोच दोष वाहतात.

पण जनावर आजारी पडलं तर दाखल्यासाठी उपचार रोखून धरायचे नाहीत. अमेरिकी नियमांतही हे स्पष्ट लिहिलं आहे. तिथे प्रतिजैविक दिलेलं जनावर सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, मांसासाठीच्या जनावराला कृत्रिम जंतनाशक दिलं तरी तेच. युरोपीय संघात वर्षाला मोजके उपचार चालतात आणि औषधाचा अंश उतरण्याची मुदत दुप्पट धरावी लागते. दाखला गेला तर ते जनावर साधं म्हणून विका. वेदनेत तडफडणारं जनावर कागदासाठी तसंच ठेवणं मला कधीही मान्य होणार नाही. लसीकरण मात्र दोन्हीकडे चालतं, ते चुकवू नका.

खनिजांचं थोडक्यात: माती आणि चारा तपासून घ्या. तांबं, सेलेनियम, आयोडीन यांची उणीव असलेल्या जमिनीवर वंध्यत्व येतं आणि त्याचा दोष नाहक वळूवर जातो. काळ्या जनावराचे केस तांबूस पडले, डोळ्याभोवती फिके झाले, की तांब्याची शंका घ्या. पण तांबं अंदाजानं देऊ नका. जास्त झालं तर ते विष आहे, आणि मेंढ्यांना तर थोडंही जास्त सोसत नाही.

पैदाशीकडे येतो. गाईचा गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा. दरवर्षी एक वासरू हवं असेल तर व्यायल्यापासून ८२ दिवसांत ती पुन्हा फळायला हवी. त्यातले पहिले चाळीसेक दिवस गर्भाशय पूर्ववत व्हायला जातात, आणि माज २१ दिवसांनी येतो. म्हणजे तिच्या हातात दोनच संधी असतात. दोन संधींत फळायची असेल तर विताना गाय अंगानं भरलेली हवी. अंगावरच्या मांस-चरबीच्या एक ते नऊच्या मोजणीत पाच-सहा, म्हणजे बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्याला दिसू नयेत. व्याल्यावर खुराक वाढवून गेलेलं अंग परत आणणं फार कठीण. वितीचा काळ गवत फुटण्याच्या सुमारास बसवा, म्हणजे दूध सर्वाधिक असतं तेव्हा कुरणही भरात असतं. आणि फळवण्याचा काळ ६३ दिवसांवर, तीन माजांवर, बंद करा. वर्षभर वळू कळपात सोडून ठेवला की वासरं सगळ्या वयांची होतात, चराईची आखणी मोडते आणि कोणती गाय आळशी आहे ते कळतच नाही.

कालवड वयावर फळवू नका, वजनावर फळवा. प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्के झाली की तयार. लहान जातींच्या कालवडी सहा-आठ महिन्यांतच माजावर येऊ शकतात, खोंडही लवकर वयात येतात. म्हणून खच्ची न केलेले खोंड सहा महिन्यांच्या आत वेगळे करा. जे खच्ची करायचे ते पहिल्या दोन महिन्यांतच, आणि वेदनाशामक देऊन. मोठेपणी त्रास कित्येक पटींनी वाढतो. शिंगांचा प्रश्न तर पैदाशीनंच सुटतो. बिनशिंगीपणा वरचढ जनुकाचा आहे, त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिनशिंगीपणाच्या असलेला एक वळू वापरला की सगळी वासरं बिनशिंगी.

वळू पाळावा का? तुमच्या कळपासाठी नको. जाणता वळू पंचवीस गाईंना पुरतो, तुमच्या तीन-पाच गाईंसाठी तो वर्षभर तुमचं गवत खाईल. शिवाय दोन वर्षांत त्याच्याच मुली फळायला येतात आणि बाप-लेकीच्या मिलनातून होणाऱ्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं माप) २५ टक्क्यांवर जातो. छोट्या जातींमध्ये मूळचाच संच लहान, तिथे हे फार लवकर भोवतं. कृत्रिम रेतन सेंद्रिय नियमांत चालतं, पण माज एकत्र आणायला संप्रेरकांची इंजेक्शनं चालत नाहीत. तेव्हा माज डोळ्यांनीच ओळखायला शिकावं लागेल. सकाळ-संध्याकाळ कळपात अर्धा तास उभं राहा. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी स्थिर उभी राहते ती माजावर. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. शेपटीच्या वरच्या हाडावर खडूनं पट्टा ओढून ठेवा, तो पुसला गेला तर रात्रीचा माजही कळतो. रेतन करणारा माणूस जवळपास मिळत नसेल तर दोन महिन्यांसाठी वळू भाड्यानं आणा, पण ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टरची तपासणी झालेला, शक्यतो कोरा, म्हणजे आधी कुठल्याही गाईवर न गेलेला. हे संगातून पसरणारे रोग आहेत, बाहेरून वळूत काही दिसत नाही आणि गाई एकामागून एक उलटत जातात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. शेजारच्याचा मोठ्या जातीचा वळू फुकट मिळतोय म्हणून लहान कालवडीवर घालू नका. तिथे विताना कालवड अडण्याचा धोका मोठा. आणि पुढेमागे वळू ठेवलाच तर बाटलीनं वाढवलेला नको. माणसाची भीड चेपलेला वळू सगळ्यात धोकादायक, त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही.

विताना गाईला एकटं सोडा आणि लांबून पाहा. पाणमोट फुटून तासभर जोर लावूनही वासराचे पाय पुढे सरकत नसतील तर डॉक्टरला बोलवा. वासरू उभं राहून सहा तासांच्या आत चीक प्यायलं पाहिजे. पहिल्या बारा तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. २४ तासांनंतर आतड्यातून त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषली जात नाहीत, मग कितीही पाजा. नाळ आयोडीनमध्ये बुडवा. जार दिवसभरात पडली नाही तर ओढू नका, दाखवा. दूध तोडताना वासरू आईपासून लांब नेण्यापेक्षा मध्ये फक्त कुंपण घाला, एकमेकांना दिसू द्या. चार-पाच दिवसांत हंबरणं थांबतं आणि वासराचं वजनही फारसं उतरत नाही.

शेवटचा टप्पा, ज्याचा विचार बहुतेक जण फार उशिरा करतात. लहान जातीचा खच्ची नर गवतावर १८ ते २४ महिन्यांत, हायलँडसारखा आणखी उशिरा, ३५० ते ४०० किलोला तयार होतो. शेवटचे दोन-तीन महिने कुरणातलं सर्वोत्तम गवत त्यालाच द्या. वजन उतरत असताना पाठवलेल्या जनावराचं मांस चिवट निघतं. सोललेलं धड जिवंत वजनाच्या निम्म्याच्या थोडं वर भरतं. कत्तलखान्याचा खर्च मात्र बहुधा डोक्यामागे आकारतात, किलोमागे नाही, आणि लहान जनावराला तो जास्त बोचतो. म्हणून पहिली गाय विकत घ्यायच्या आधी सेंद्रिय दाखला असलेला कत्तलखाना किती लांब आहे आणि तो एक-दोन जनावरं घेतो का, हे विचारून या. नेताना जोडीनं न्या, ओरडाआरडा नको. घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते आणि मांस काळपट, कोरडं होतं. तिथल्या माणसाला आणखी एक गोष्ट बजावून सांगा. लहान, चरबीचा थर पातळ असलेलं धड शीतगृहात फार वेगानं थंड होतं, आणि पहिल्या दहा तासांत ते दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर स्नायू आखडून मांस कायमचं निबर होतं. मोठ्या धडांसाठी लावलेलं तापमान तुमच्या जनावराला चालत नाही. आधी सावकाश थंड करायचं, मग दोन ते तीन आठवडे टांगून मुरवायचं, आणि ही अट आगाऊ ठरवताना लेखी घ्या.